ठोकळा घरी न्यायला द्या, महिन्याच्या बोलीवर

प्रति,
लिबर्टी सायन्स सेंटर, जर्सी सिटी, आणि रुबिकच्या ठोकळ्याचा सोहळा मांडू पाहणारी इतर सगळी संग्रहालयं, यांच्या प्रदर्शन विभागांस,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण माझं इंग्रजी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेल्या सूचनांपुरतं आहे. 'ऑल डायमेन्शन्स इन एमएम' याच्या पुढे ते कधी गेलं नाही. तुमच्याकडे वाचून दाखवायला कोणी नसेल तर न्यूअर्क अॅव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअरच्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात उभं राहून 'मराठी कोणाला येतं का' असं विचारा. डाळीच्या पोत्यामागून एक तरी हात वर येईल.

मी चिंचवडला राहतो. टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्या साच्यांतून निघतात ते साचे आम्ही बनवायचो. मुलगी तुमच्याच न्यू जर्सीत, एडिसनला असते. २०१४ च्या जुलैमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे आलो होतो, तेव्हा नातवाला घेऊन तुमच्याकडचं रुबिकच्या ठोकळ्याचं प्रदर्शन बघितलं. ठोकळ्याला चाळीस वर्षं झाली म्हणून तुम्ही ते एप्रिलमध्ये उघडलं होतं. आधी बागेत गेलो. तिथून स्वातंत्र्यदेवीची पाठ दिसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर कॅलेंडरवर तोंड बघितलेली बाई एकदम पाठमोरी दिसली, तर बायको म्हणाली, "बघा, हिलाही मागून गाठ मारायला कोणीतरी लागत असेल." मग आत आलो.

प्रदर्शन चांगलं होतं, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तक्रारीसारखं वाटणार नाही. हाताळायला ठोकळे होते. आणि तो सोन्याचा ठोकळा होता, १९९५ साली घडवलेला. अठरा कॅरेट सोनं, प्रत्येक चौकोनात स्टिकरऐवजी खडे, किंमत पंचवीस लाख डॉलर, आणि म्हणे फिरतोसुद्धा. त्याच्याभोवती गर्दी. मीही नाक काचेला लावून बघितलं. पण मी बघत होतो दोन तुकड्यांमधली फट. सोनं मऊ, ते एकमेकांवर घासणार, महिनाभर कोणी खरोखर खेळलं तर कडा बसतील आणि फट वाढेल, असं मनात आलं. मागे एक गृहस्थ मोबाइल धरून उभे होते, त्यांनी 'एक्स्क्यूज मी' केलं म्हणून बाजूला झालो.

त्यानंतर अकरा-बारा वर्षं मी बघतो आहे. ठोकळ्याची पन्नाशी २०२४ मध्ये झाली, त्याच जुलैत तो शोधून काढणारे एर्नो रुबिक ऐंशी वर्षांचे झाले. जिथे जिथे त्यांचा सोहळा होतो तिथे दोनच गोष्टींची मोजदाद होते, सेकंद आणि पैसे. पहिली जागतिक स्पर्धा जून १९८२ मध्ये बुडापेस्टला झाली, ती मिन थाई नावाच्या मुलाने २२.९५ सेकंदांत जिंकली. आता विक्रम तीन सेकंदांच्या आसपास आला आहे. एवढ्या वेळात माझा चष्मा सापडत नाही. ३५ कोटींहून अधिक खपले हाही आकडा सांगतात, आणि २०२० मध्ये एका कॅनेडियन कंपनीने पाच कोटी डॉलरना नाव विकत घेतलं हाही.

हे सगळं खरं आहे. त्यात एक महिना मात्र हरवतो, आणि त्या महिन्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे.

१९७४ सालचा तो महिना. बुडापेस्टमध्ये आईच्या घरातली खोली, आणि तिशीला टेकलेला एक मास्तर. वास्तुकला शिकलेला, उपयोजित कलांच्या अकादमीत शिकवणारा. आई कवयित्री, वडील ग्लायडर बनवणारे इंजिनिअर. (वडिलांचं नावही एर्नो रुबिकच. हंगेरीत आधी आडनाव सांगतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, म्हणजे तिकडे दोघंही 'रुबिक एर्नो'.) त्याला खेळणं बनवायचं नव्हतं. त्याला एक रचना सुटत नव्हती. लाकडाचे छोटे ठोकळे एकत्र असे जोडायचे की प्रत्येक थर स्वतंत्र फिरेल, तरी गठ्ठा सुटून खाली पडणार नाही. आधी त्याने रबरबँड लावून बघितले. ते तुटले. तुटणारच. आमच्याकडे शिकाऊ मुलगा पहिल्या आठवड्यात हेच करतो.

पुढे त्याने जे शोधलं ते समजून घ्यायला ठोकळा उघडावा लागतो. बाहेरून २६ तुकडे दिसतात. सहा मधले, बारा कडेचे, आठ कोपऱ्यांचे. सत्ताविसावा, पोटातला, तुकडा नसतोच. त्याच्या जागी सहा हातांचा एक क्रूस असतो आणि प्रत्येक हातावर मधला चौकोन स्क्रू आणि स्प्रिंगने बसवलेला असतो. कडेच्या तुकड्याला आतून एक जीभ असते, ती मधल्या चौकोनांच्या खाली सरकते. कोपऱ्याच्या तुकड्याला छोटा पाय असतो, तो कडेच्या तुकड्यांच्या मागे अडकतो. कोपरा क्रूसाला कुठेही बांधलेला नाही. त्याला शेजाऱ्यांनी धरलेलं असतं, शेजाऱ्यांना मधल्यांनी, आणि थर फिरला की शेजारी बदलतात, धरणं तेवढं सुटत नाही. आतल्या सगळ्या बाजू गोलाईत असाव्या लागतात, नाहीतर फिरताना अडतात. डॅन्यूबच्या काठावरचे पाण्याने घासून गुळगुळीत झालेले गोटे बघून ही गोलाई सुचल्याचं रुबिक सांगतात. मला ते पटतं. सरळ रेषेत विचार करणाऱ्याला हे सुचणार नाही, आणि मी चौतीस वर्षं सरळ रेषेत विचार केला.

तर जोडणी झाली. मग त्याने सहा बाजूंना सहा रंग दिले, चार-सहा वेळा फिरवला, आणि रंग असे मिसळले की परत येईनात. इथून तो महिना सुरू झाला. ज्याने ठोकळा बनवला त्यालाच तो सुटेना. सुटू शकतो की नाही हेही ठाऊक नाही. विचारायला कोणी नाही, कारण जगात असा ठोकळा एकच, आणि तो याच्याच हातात. पुस्तक नाही, व्हिडिओ नाही, वर्गातला हुशार मुलगा नाही. महिन्याहून जास्त तो त्याच्यामागे होता. जानेवारी १९७५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९७७ च्या अखेरीस एका छोट्या सहकारी कारखान्याने काढलेले ठोकळे बुडापेस्टच्या दुकानांत आले, नाव 'ब्यूव्होश कोत्स्का', म्हणजे जादूचा ठोकळा. आमच्या चाळीतही त्याला जादूचा ठोकळाच म्हणायचे, हंगेरियन कोणाला येत नसताना. 'रुबिक क्यूब' हे नाव १९८० मध्ये अमेरिकन कंपनीने ठेवलं.

हे सगळं तुमच्याकडच्या कोणत्याही फलकावर दोन ओळींत मावतं, 'त्यांना स्वतःला तो सोडवायला महिना लागला', आणि वाचणारा 'अरे वा' म्हणून पुढच्या काचेकडे जातो. महिना दोन ओळींत मावत नाही. तो दाखवायचा कसा, हा माझा प्रश्न आहे. मला जे सुचतं ते सांगण्याआधी आमच्या घरचा महिना सांगतो. महिना कसला, सव्वा वर्ष.

१९८२ च्या दिवाळीत माझा मेहुणा कुवेतहून आला. दोन साबण, अत्तराची बाटली, मला एक टॉर्च आणि मुलांना ठोकळा. मुलांनी तो दोन दिवसांत बिघडवला आणि चार दिवसांत त्यांना कंटाळा आला. मग तो बायकोने उचलला. ही मॅट्रिक झालेली, घरी विणकाम शिकवायची. स्वेटरचे नमुने एका वहीत लिहिलेले असायचे, 'दोन सुलट, एक उलट, दोन एकत्र'. तिने ठोकळाही तसाच लिहायला घेतला. घरखर्चाच्या वहीची मागची पानं. थरांना नावं दिली: वरचा 'व', खालचा 'खा', डावा 'डा', उजवा 'उ', पुढचा 'पु', मागचा 'मा'. घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला तर नुसतं अक्षर. उलटा फिरवला तर डोक्यावर टिंब.

लंडनमध्ये डेव्हिड सिंगमास्टर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने नेमकं हेच इंग्रजी अक्षरांत केलं होतं, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. आज जगभरची मुलं त्याचीच लिपी वापरतात. तिचं टिंब म्हणजे त्याचा अक्षरापुढचा तिरका डॅश. माझ्या मते टिंब बरं, कमी जागा लागते.

त्या वहीतली एक ओळ मला पाठ आहे, कारण ती स्वयंपाक करतानाही पुटपुटायची. उ, व, उं, वं. उजवा फिरव, वरचा फिरव, उजवा परत, वरचा परत. तिचं म्हणणं असं की हे विणलेलं उसवण्यासारखं आहे, पण चुकीच्या क्रमाने. पायमोजे घालून बूट घातले, तर काढताना आधी बूट निघायला हवेत. इथे तुम्ही आधी पायमोजे ओढता. म्हणून सगळं पूर्वीसारखं होत नाही, पण फार बिघडतही नाही. हलणाऱ्या वीस तुकड्यांतले सातच इकडेतिकडे होतात, तेरा जागच्या जागी. आणि ही ओळ सहा वेळा म्हटली की ठोकळा होता तसा. तिने हे पोळ्या लाटताना शोधलं, असं ती सांगते. मला वाटतं पोळ्या नंतर लाटल्या असतील, त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता.

आता माझा गुन्हा. १९८३ च्या पावसाळ्यात मी ठरवलं की असा ठोकळा आपणही बनवायचा, अॅल्युमिनियमचा, भंगारातल्या तुकड्यांतून, जेवणाच्या सुट्टीत. मोजमाप घ्यायला एका रात्री तो उघडला. वरचा थर अर्धवट फिरवला, कडेच्या तुकड्याखाली स्क्रूड्रायव्हर घातला, टक् आवाज झाला आणि तुकडा उडून शेगडीखाली गेला. एक निघाला की बाकीचे हातात येतात. आत पांढरं ग्रीस आणि आमच्याच घरातली कणीक. व्हर्नियर लावून सगळी मापं वहीत घेतली. मग परत बसवला. एकसारखे रंग जुळवून, सुटलेल्या अवस्थेत बसवला असता तर प्रश्न नव्हता. पण तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी तो मिसळलेल्या रंगांतच, आठवेल तसा, जोडला.

पुढचे पाच आठवडे तिचा ठोकळा प्रत्येक वेळी शेवटच्या एका तुकड्यापाशी अडला. सगळं जुळायचं, कडेचा एक तुकडा तेवढा जागेवर पण उलटा. ती पुन्हा सगळं मोडायची, पुन्हा तिथेच. एक दिवस मी कामावरून आलो तर चहा झाला नव्हता. ठोकळा ओट्यावर होता. म्हणाली, "अहो, हा तुम्ही उघडला होतात." मी नाही म्हटलं. "उलटे तुकडे कायम जोडीने येतात," ती म्हणाली. "मी पन्नास वेळा लिहून बघितलंय. दोन उलटे असले तर सुटतात. एकटा उलटा फिरवून येऊच शकत नाही. हा कोणीतरी हाताने बसवलाय, आणि घरात स्क्रूड्रायव्हर एकट्या तुमच्याकडे आहे."

बरोबर होतं. ठोकळा सुटा करून डोळे मिटून पुन्हा जोडला, तर बारात एकदाच तो सुटेल असा जुळतो. एखादा कोपरा जागेवरच वळलेला, एखादी कड उलटी, किंवा दोनच तुकडे अदलाबदल, असल्या चुका फिरवून कधीच निघत नाहीत. गणितात याची सिद्धता आहे. तिला ती कोणी शिकवली नव्हती. मी मुकाट्याने तो तुकडा काढून सुलट बसवला, आणि त्यानंतर १९८४ च्या संक्रांतीच्या आसपास तिने ठोकळा पुरा केला. पेढे वगैरे काही वाटले नाहीत. तिळगुळाच्या ताटात ठेवून शेजारच्या वहिनींना दाखवला, त्या म्हणाल्या, "छान आहे हो, कितीला पडला?"

माझा अॅल्युमिनियमचा ठोकळा मात्र झाला नाही. म्हणजे तयार झाला, फिरला नाही. बाहेरचे चौकोन मी काटेकोर काढले होते, कानस मारून, कडा गुळगुळीत करून. आतली गोलाई जमली नाही. त्याला वेगळं फॉर्म टूल लागतं, ते बनवायला सुट्टी पुरत नव्हती आणि साहेबांना विचारायची सोय नव्हती. एक थर फिरतो, दुसरा अर्ध्यात अडकतो. आणि मी फट ठेवली होती साच्याच्या हिशोबाने, जवळजवळ शून्य. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात मुद्दाम ढिलाई असते आणि ती स्प्रिंग सांभाळून घेते. जे यंत्र हलायचं आहे त्याला थोडा सैलपणा द्यावा लागतो, हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगायचो. स्वतःच्या वेळी विसरलो.

आता मागणी.

पुढचं प्रदर्शन मांडाल तेव्हा ठोकळे घरी न्यायला द्या. ग्रंथालयातून पुस्तक देतात तसे, नाव लिहून घेऊन, एक महिन्याच्या बोलीवर. मिसळलेला ठोकळा द्यायचा, बरोबर एक कोरी वही आणि एक पेन्सिल. सोडवायची रीत द्यायची नाही. घरी जाऊन मोबाइलवर कोणी बघेल तर बघो, आपण पोलीस नाही. महिन्याने ठोकळा परत आणायचा. सुटला नसेल तरी आणायचा, आणि न सुटलेला परत करताना कोणाला खाली बघायला लागू नये अशी काउंटरवरच्या माणसाला सक्त ताकीद हवी. वही मात्र घ्यायची. ज्या पानांवर माणसांनी स्वतःच्या खुणा, बाण, शिव्या लिहिल्या असतील ती पानं काचेत लावा. सोन्याच्या ठोकळ्याशेजारीच लावा, माझी हरकत नाही. बघू गर्दी कुठे होते.

खर्चाचं म्हणाल तर साधा ठोकळा काही डॉलरना येतो. काही परत येणार नाहीत. येऊ नयेत. जो ठोकळा घरात राहिला तो कोणाच्या तरी उशाशी राहिला असेल.

दुसरी गोष्ट, एका टेबलावर बारा ठोकळे मांडा, सगळे सुटे करून बारा तऱ्हांनी जोडलेले. एकच सुटणारा, अकरा कधीच न सुटणारे. कोणता कुठला ते लिहू नका. शेजारी स्क्रूड्रायव्हर ठेवा, साखळीला बांधून हवा तर. अकरापैकी एखाद्यावर झगडून जो माणूस मान वर करून म्हणेल की हा चुकीचा जोडलाय, मी चुकत नाहीये, त्याला तिथल्या तिथे तो उघडू द्या. त्याच्या चेहऱ्याकडे बघायला तरी एखादा कर्मचारी तिथे उभा करा.

तुमच्या प्रदर्शनाला गुगलने हात दिला होता. त्याच गुगलने उसन्या दिलेल्या संगणकांवर २०१० मध्ये चौघा जणांनी सिद्ध केलं की ठोकळा कसाही मिसळलेला असो, वीस फिरवण्यांत सुटतो. वीसाहून जास्त कधी लागत नाहीत. एका संगणकाला त्या कामाला पस्तीस वर्षं लागली असती. ठोकळ्याच्या एकूण अवस्था ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० आहेत. इंग्रजीत याला क्विंटिलियन वगैरे म्हणतात, ते आमच्या कानाला लागत नाही. भास्कराचार्यांच्या यादीत एकं, दहं, शतं करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी नावं येतात आणि परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर, यादी संपते. असे चारशे बत्तीस परार्ध, वर अर्धा. आणि सगळ्यांना वीसच फिरवण्या पुरतात. मला हे फार थोर वाटतं. पण हे कळल्याने माझ्या बायकोच्या सव्वा वर्षाचं काही कमी होत नाही. त्या वीस फिरवण्या कोणत्या, हे तिला ठाऊक नव्हतं, संगणकाला होतं. रुबिक मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. तिचं आणि त्यांचं एका बाकावर बसतं.

नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. तुमच्याकडून निघताना दुकानातून ठोकळा घेतला. रात्री व्हिडिओ बघून त्याने आठवड्यात शिकला, मग वेळ लावून करायला लागला. पुढे चिंचवडला आला तेव्हा आजीची वही त्याला दाखवली. त्याला मराठी अक्षरं वाचता येतात, शनिवारच्या मराठी शाळेची कृपा. 'उ व उं वं' वाचून तो थांबला, हातात ठोकळा घेतला, चार फिरवण्या केल्या आणि ओरडला की ही तर त्याने सगळ्यात आधी शिकलेली चाल आहे. मग आजीला विचारलं, तू कुठल्या चॅनेलवर बघितलीस? आजी म्हणाली, "पोळपाटावर."

तो आता कॉलेजात आहे. त्याला अठरा सेकंद लागतात. त्याला विचारलं, तुला न बघता, न शिकता, एकट्याने सोडवायला किती दिवस लागले असते? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला की आता ते कधीच कळणार नाही, आजोबा, मला उत्तर माहीत झालंय. त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मी हे पत्र लिहायला घेतलं. तुमच्या दारात रोज नऊ-नऊ वर्षांची मुलं येतात. त्यातल्या काहींना अजून उत्तर माहीत नसतं. त्यांच्या हातात रीत पडायच्या आधी ठोकळा पडावा, आणि मध्ये महिना जावा, एवढंच मागतो आहे.

माझा अॅल्युमिनियमचा ठोकळा तुम्हाला हवा असल्यास पाठवतो. वजन ४१० ग्रॅम, वाण्याच्या काट्यावर केलं आहे. एक थर फिरतो. जोर लावू नका, अडकला तर परत निघत नाही. कस्टममध्ये काय म्हणून लिहायचं ते कळवा. 'खेळणं' लिहिलं तर खोटं होईल आणि 'यंत्र' लिहिलं तर त्याहून मोठं खोटं.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर,
चिंचवड, पुणे

ता. क. वहीची ती पानं द्यायला ही तयार नाही. मागच्या बाजूला १९८३ चा दुधाचा हिशोब आहे आणि त्यात गवळ्याकडे अडीच लिटर बाकी निघतं, असं तिचं म्हणणं आहे. झेरॉक्स चालत असेल तर ती एका बाजूची काढून देईल.